कोऱ्या चिठ्ठीचं उत्तर

कारखान्यात तिला सगळे काटेवाली म्हणत. बॉयलरचा दाब दाखवणारी गेजं तपासणीला तिच्या टेबलावर येत. मोजून दाब द्यायचा, काटा तोच आकडा दाखवतो का पाहायचं, मगच शिक्का मारायचा. "मुलगा बघायला गेली तरी आधी दाब देऊन बघेल," फिटर म्हणायचा.

"म्हणून तर लग्न राहिलं," ती म्हणायची.

आईबरोबर ती ज्या धार्मिक मंडळात जाई, तिथे मात्र तिची मान खाली. तिथे प्रश्न तोंडाने विचारायचा नसे; चिठ्ठीवर लिहून, मंडळाचा ग्रंथ वाचून दाखवणाऱ्या वाचकांच्या पेटीत टाकायचा. पुढच्या बैठकीला चिठ्ठी परत येई, तिच्यावर ग्रंथातल्या एका वचनाचा आकडा. ते वचन हेच उत्तर.

धाकट्या बहिणीने एकदा भर बैठकीत तोंड उघडलं आणि तिला काढून टाकलं. तिच्याशी बोलेल त्यालाही काढणार होते, आणि काढलेल्यांशी आई बोलत नसे. बहिणीला मुलगी झाली, तेही फिटरकडून कळलं.

"बहिणीला भेटू का?" काटेवालीने सात वेळा लिहिलं. सातही वेळा एकेचाळीस: 'ज्याच्या मनात प्रश्न, त्याच्या ओंजळीला भोक.' मध्येच विचारलं, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन करू का? एकेचाळीस.

जेवण जाईना, झोप लागेना. अशात एक गेज आलं. दाब वाढवला, उतरवला. काटा आपला चारवर. "मेलंय हे," ती फिटरला म्हणाली आणि तिचा हात तसाच राहिला.

त्या बैठकीला तिने कोरी चिठ्ठी टाकली. पुढच्या बैठकीला ती परत आली. एकेचाळीस.

घरी येऊन तिने ती आईपुढे ठेवली.

"यावर काहीच लिहिलेलं नाही," आई म्हणाली.

"मी काही विचारलंच नव्हतं."

"म्हणजे वाचकांची परीक्षा घेतलीस?"

"घेतली."

"त्यांना तुझ्या मनातलं कळलं असेल."

"मग तुझ्या गुडघ्यालाही एकेचाळीसच कसं, आई?"

आईचा हात आपसूक गुडघ्यावर गेला. तिने चिठ्ठी उलटी केली, सुलटी केली, उजेडात धरली. काटेवाली उठून खिडकीशी गेली, परत आली, पुन्हा गेली. शेवटी तिने चपला घातल्या.

"तिच्याकडे चालले आहे."

आई भिंतीकडे बघत म्हणाली, "किल्ली घेऊन जा. दार उघडायला मी उठणार नाही."