तुले बी ऐकू येस का?

१९९६ साल, वैशाखाचं ऊन. मी साठीत पाय ठेवलेला आणि माझा धाकटा भाऊ भागवत छत्तीसचा. बाप एक, आया दोन, म्हणून एवढं अंतर. लोकांकडे मरणाची बातमी येते. माझ्याकडे ती आली नाही, मीच ती भाड्याच्या जीपमध्ये मांडीवर घेऊन जळगावहून गावात आणली. तापीच्या पुलावर त्याचं डोकं माझ्या मांडीवर एकदम जड झालं. ड्रायव्हरला मी काही बोललो नाही. म्हटलं, गाव येईपर्यंत याला गाडी चालवू दे.

संध्याकाळी मसणातून परत येताना जो तो मला एकच सांगत होता, "सुटला बिचारा." एकाने तर माझ्या खांद्यावर हात ठेवून वर जोडलं, "तुम्हीबी सुटले नाना." मी त्याचा हात काढून खाली ठेवला. मी कशात अडकलो होतो, हे मला कोणी सांगावं. तुमच्या पुरवणीत मोठ्या माणसांवर लेख येतात. भागवत मोठा नव्हता. गावात त्याला भागा येडा म्हणत. पण महिना झाला तरी डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसलो. माझं शिक्षण चौथी. शुद्धलेखन संपादकांनी बघावं, मजकुराला हात लावू नये.

भागवत हुशार होता, ही गोष्ट गाव विसरलं म्हणून आधी लिहितो. चोपडा तालुक्यातल्या आमच्या गावातून सायन्सला गेलेला तो पहिला. धुळ्याला देवपुरात कॉलेज, तिथेच खोली. सुट्टीत आला की केळीच्या बागेत माझ्यामागे चालत पानाला हिरवा रंग कशाने येतो ते समजावून सांगायचा आणि मी म्हणायचो, मला फक्त घडाला वजन कशाने येतं ते सांग. दुसऱ्या वर्षाला असताना अचानक ट्रंक घेऊन परत आला. सांगू लागला, पांझरा नदीच्या पुलावर दोन माणसं उभी असतात, मी गेलो की माझं नाव घेऊन बोलतात, मी काय खाल्लं तेही त्यांना माहीत असतं. मी काय केलं असेल? काठी घेतली आणि त्याच्यासोबत धुळे गाठलं. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत त्या पुलावर उभा राहिलो. सायकली गेल्या, टांगे गेले, कॉलेजची पोरं हसत गेली. भागवत शेजारी उभा राहून हळूच म्हणायचा, "बोली राहिनात भाऊ, आते बोली राहिनात..." आणि मी काठी घट्ट धरून इकडेतिकडे बघायचो. मारायला कोणी सापडलंच नाही. आयुष्यात भांडणाला गेलो आणि हात हलवत परत आलो, असं त्या एकाच दिवशी झालं.

नंतर गावाने जे करायचं ते केलं. भगत आला, त्याने मिरच्यांची धुरी दिली. चार जणांनी धरलं तेव्हा भागवत खोकून खोकून निळा पडला आणि भगत म्हणाला, बघा, आतलं बोलतंय. मी भगताला दाराबाहेर काढलं. मग धुळ्याच्या डोक्याच्या डॉक्टरने आजाराचं लांबलचक नाव सांगितलं आणि गोळ्या दिल्या. पुढे जळगाव जवळ पडतं म्हणून तिथून आणू लागलो. गोळ्यांनी आवाज कमी झाले, पण पोरगाही कमी झाला. हात थरथरायचे, तोंडातून लाळ यायची, अंग सुटलं, चालताना पाय ओढायचा. पारावर रिकामी बसलेली माणसं त्याला मुद्दाम हाक मारायची, "काय भागवत, आज काय म्हणी राहिनात तुना पाव्हना?" तो खरं सांगायचा. त्याला खोटं बोलता येत नव्हतं आणि त्यांना हसू आवरत नव्हतं. त्यातल्या दोघांना मी चपलेने मारलं आहे. उरलेल्यांचे चेहरे लक्षात आहेत.

शहाऐंशी साली माझा मुलगा संजय शाळेतून एक पेपर घेऊन आला. पुरवणीत चौकट होती, तुमचं मन ठीक आहे का ते स्वतःच तपासा. प्रश्न वाचायचे, होय की नाही म्हणायचं, शेवटी गुणांची बेरीज. वाईट खेळ नव्हता. जेवण झाल्यावर संजय वाचत गेला. आजूबाजूला कोणी नसताना तुम्हाला आवाज ऐकू येतात का? भागवतने विचार करून उत्तर दिलं, नाही. लोक तुमच्याविरुद्ध कट करतात असं वाटतं का? नाही. सगळ्यांना त्याचं नाहीच. मग माझी बायको म्हणाली, आता तुझ्या बाबांना विचार. लोक तुमच्या पाठीमागे बोलतात का? बोलतात, मी पारावरच्यांची नावं देतो. तुमचं काही बळकावायला कोणी टपलंय का? टपलंय, चुलतभावाने दोनदा बांध सरकवला. इतरांपेक्षा आपण वेगळे आहोत असं वाटतं का? वाटायचं काय त्यात, आहे. बेरीज झाली तर भागवत ठणठणीत आणि मला ताबडतोब तज्ज्ञांना भेटायला सांगितलेलं. घरातले सगळे हसले. भागवत तर इतका हसला की त्याची लाळ सदऱ्यावर सांडली.

हसून सोडून द्यायचं होतं. पण माझ्या सावत्र मामाने, म्हणजे भागवतच्या सख्ख्या मामाने, ते धरून ठेवलं. पोरगा बरा झाला, पेपरही तेच म्हणतो, आता लग्न करून टाका, बायको आली की उरलंसुरलंही जाईल. नशिराबादकडची मुलगी पाहिली. कमल तिचं नाव. तिच्या घरच्यांना मामाने सांगितलं, मुलगा सायन्सला होता, प्रकृतीने शिक्षण सुटलं. मी गप्प होतो. मलाही वाटत होतं, पेपरात छापून आलंय म्हणजे काहीतरी असेल.

कमल चांगली होती. तिला नावं ठेवणाऱ्यांनी आपल्या घरात बघावं. पहिल्या महिन्यात तिने गोळ्यांची जुनी पुडी पाहिली आणि विचारलं तेव्हा सासरच्या सगळ्यांनी पित्ताच्या आहेत म्हणून सांगितलं. लग्नात गोळ्या दिसू नयेत म्हणून मामाने आधीच थोड्या दिवसांसाठी बंद करायला लावल्या होत्या. पुढचं व्हायचं तेच झालं. भागवत तिला हळू बोल म्हणायचा, भिंतीपलीकडे ऐकतात. मग तिला पाण्याच्या माठाजवळ जाऊ देईना, कोणीतरी त्यात टाकून गेलंय म्हणे. एक दिवस ती परसात रडत बसली आणि तिच्या वडिलांना निरोप गेला.

तिचे वडील आले ते ओट्यावर चढले नाहीत. अंगणात उभ्यानेच बोलले. आवाज चढवला नाही. म्हणाले, "नाना, बाजारात बैल इकतांना बी मानूस खोड सांगी देस. मारका शे, बसका शे, सांगी देस. आम्हले तेवढं बी नही सांगं तुम्ही?" बायका दारामागे उभ्या होत्या. मामा कुठे दिसेना. भागवत उंबऱ्यात बसून ऐकत होता. कमल ट्रंक घेऊन त्याच्या बाजूने निघाली, तेव्हा तो सरकून बसला आणि तिला वाट दिली. मी उभ्या जन्मात बैलाची खोड लपवली नाही. बाजारात माझ्या शब्दावर दात न बघता बैल घेतलेत लोकांनी. ते वाक्य मला चपलेपेक्षा जास्त लागलं. त्या दिवशी ठरवलं, यापुढे भागवतचं कुठेही काही लपवायचं नाही. पाहुणा असो, दुकानदार असो, तलाठी असो, आधी खोड सांगायची, मग बोलणं.

ती गेल्यावर एकदा बागेत मी त्याला विचारलं, पेपरात तू नाही का म्हणालास? तुला तर ऐकू येत होतं. तो माझ्याकडे असा बघत राहिला की जणू मीच अडाणी. आहेच म्हणा. म्हणाला, "कोनी नही तवय ऐकू येस का, आसं इचारं व्हतं. कोनी तरी ऱ्हासच ना भाऊ. बठ्ठासले ऐकू येस, पन कोनी कबूल करत नही." त्याला वाटत होतं, कोणीतरी नेहमी असतंच, आवाज आम्हा सगळ्यांनाच येतात आणि आम्ही मुद्दाम सोंग करतो. इतकी वर्षं तो माझ्या घरात सोंगाड्यांमध्ये राहत होता. मी म्हटलं, माझी शपथ, मला येत नाहीत. तू विचारत जा. मला येत असेल तर येतो म्हणेन, नसेल तर नाही म्हणेन. तुझी समजूत घालायला किंवा माझा जीव सुटावा म्हणून खोटं सांगितलं तर मी बापाचा नाही.

तिथून आमचं दोघांचं सुरू झालं. पेपरातल्या चौकटीपेक्षा हे बरं होतं. केळीच्या बुंध्याशी पिलं, म्हणजे नवे कोंब, फार येतात. एक ठेवून बाकीची विळ्याने कापावी लागतात. ते काम भागवतचं. तो एका ओळीत, मी शेजारच्या. पानांमुळे एकमेकांना दिसत नसू, पण विळ्याचा आवाज येत राही. मध्येच तो थांबायचा. "भाऊ, हाऊ आवाज तुले बी ऐकू येस का?" मी हात थांबवायचो, खरोखर कान द्यायचो, मग सांगायचो. "नाही रे." की पुन्हा विळा सुरू. कधी मोटर असायची, कधी रस्त्यावरचा ट्रॅक्टर, तेव्हा "येतो" म्हणायचो. एकदा घराकडून त्याची वहिनी, म्हणजे माझी बायको, जेवायला या म्हणून ओरडत होती. त्याने विचारलं. मी म्हटलं, "येतो, आणि आत्ता नाही गेलो तर अजून जवळून येईल." तो हसला. पिलांचं एक असतं, आज कापलं की दुसऱ्या सकाळी मधला गाभा बोटभर वर आलेला. भागवत ते बघून म्हणायचा, मना डोकानं बी आसंच शे. तक्रारीने म्हणायचा नाही. दहा वर्षं अशी गेली. गोळ्या घेतल्या, काम केलं, विचारलं, मी सांगितलं. ज्याला याला जगणं म्हणायचं नसेल त्याने म्हणू नये.

त्या दिवशी सकाळी शेजारच्या ओळीतला विळा थांबला. मी प्रश्नाची वाट बघत राहिलो. प्रश्न आला नाही. जाऊन पाहिलं तर तो केळीच्या बुंध्याला टेकून बसलेला, घामाने निथळलेला, तोंड राखेसारखं. छाती दाबली जातेय म्हणाला, डावा हात जड झालाय. जीप केली, जळगाव गाठलं. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, नाव लिहिण्याच्या लायकीचा नाही. तिथे एक तरुण डॉक्टर होता. संजय जीपमध्ये मला सांगत होता, बाबा, आधी फक्त छातीचं सांगा, गोळ्यांचं मागून सांगू. मी त्याला गप्प केलं. आपण खोड लपवत नाही.

डॉक्टरने नळी कानाला लावली, छातीवर टेकवणार तेवढ्यात मी सांगितलं, साहेब, याला डोक्याचा आजार आहे, आवाज ऐकू येतात, पंधरा वर्षं गोळ्या चालू आहेत. डॉक्टरने नळी कानातून काढून गळ्यात टाकली. हसतच भागवतला विचारलं, "छाती दाबतंय होय? कोण दाबतंय?"

नर्सही हसली. भागवतने तोंड भिंतीकडे वळवलं. त्याला तो पारावरचा आवाज ओळखीचा होता. मी म्हटलं, साहेब, याचं दुखणं खरं आहे, मी याला ओळखतो. तर म्हणाला, "आजोबा, तुम्ही किती शिकलात?" मी म्हटलं, चौथी. म्हणाला, मग आम्हाला आमचं काम करू द्या. झोपेचं इंजेक्शन दिलं आणि सांगितलं, असले पेशंट असंच करतात, घरी न्या, उन्हात काम देऊ नका. छातीला नळी लावली नाही ती नाहीच. ज्या खोडीमुळे कमल परत गेली ती लपवलेली होती आणि ज्या खोडीमुळे माणूस परत पाठवला ती सांगितलेली होती. यातून काय शिकायचं ते शिकलेल्यांनी सांगावं. मला विचाराल तर मी उद्याही सांगेन. ऐकून घेण्याची अक्कल समोरच्याकडे असावी.

जीपमध्ये तो माझ्या मांडीवर आडवा झाला. इंजेक्शनने डोळे मिटत होते, पण दुखणं त्याला झोपू देत नव्हतं. बऱ्याच वेळाने म्हणाला, "भाऊ, हाई दुखनं खरं शे, का मना डोकामा शे?"

दहा वर्षं मी त्याच्या प्रश्नाला कान देऊन उत्तर दिलं होतं. पण दुखणं दुसऱ्याला कसं ऐकू येणार... खोटं बोलायचं नाही, असं ठरलेलं. मी वाकून त्याच्या छातीला कान लावला. जीपचा खडखडाट होता, तरी त्याच्या खाली ते ऐकू येत होतं. धावत सुटायचं, मध्येच अडखळायचं, थांबायचं, पुन्हा धावायचं. मी बराच वेळ ऐकलं, खात्री केली आणि सांगितलं, "खरं शे. माले बी ऐकू येस."

त्याने मान हलवली आणि डोळे मिटले. पूल त्याच्यानंतर आला.

घरात सुतक, शेतात जायचं नसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो, तोंड धुतलं आणि बागेत गेलो. बायको दारात आडवी आली, तिला बाजूला केलं. त्याची ओळ अर्धी राहिली होती. त्याने आदल्या सकाळी कापलेल्या पिलांचे गाभे बोटभर वर आले होते, पांढरे, ओले. विळा बुंध्याशी पडलेला होता तो उचलला आणि पुढच्या पिलापासून सुरू केलं. थोडा पुढे गेलो असेन, तर शेजारच्या ओळीत विळ्याचा आवाज आला. नेहमीसारखा. मी हात थांबवला, कान दिला. पुन्हा आला. कोणाला तरी विचारायला म्हणून मी तोंड उघडलं... विचारणार कोणाला? त्या ओळीत जाऊन पाहिलं नाही. खाली वाकलो आणि त्याची ओळ शेवटच्या झाडापर्यंत पुरी केली.