बहिणीच्या लग्नाचा येसर

मंदीच्या एका वर्षी वैशाखात सोलापुरात वडील कामाला होते ती कापडगिरणी बंद पडली. बहिणीच्या लग्नाचा येसर तेव्हा दळून झाला होता. गहू, बाजरी आणि हरभऱ्याची डाळ भाजून काळ्या मसाल्यासोबत दळलेलं हे पीठ पाण्यात उकळलं की आमटी होते. लग्नाआधी त्याची बरणी उघडू नये, अशी आमच्याकडे रीत होती.

ज्येष्ठात घरातलं धान्य संपलं. धाकटी भावंडं रडायचीही थांबली; नुसती पडून असत.

"आई, सोड की फडकं," बहीण म्हणाली.

"लगीन मोडंल, बाई."

"वऱ्हाड येईस्तवर आमीच उरणार न्हाय."

आईने बरणीचं फडकं सोडलं. आमटी रोज पातळ होत गेली. आषाढ लागायच्या आत बरणी रिकामी झाली. बहिणीचं लग्न त्या वर्षी झालं नाही.