अडसराची खूण

सत्यवचनाची थोरवी आपल्याकडे पुष्कळ गाइली गेली आहे. याथातथ्याची मात्र कोणी फारशी आरती केलेली नाही. दोन्ही एकच, असे वरवर पाहणाऱ्यास वाटते. परंतु सत्य सांगणाऱ्याच्या वाणीत थोडा तरी आवेश असतो. आपण सत्य सांगत आहोत याचे त्याला भान असते. जे जसे आहे ते तसे, तेवढेच, बोटभरही अधिक-उणे न करता मांडणाऱ्या मनुष्याजवळ हा आवेश नसतो. सत्यवक्त्याला लोक भितात. या दुसऱ्या मनुष्याला लोक कंटाळतात. आणि पुढे पुढे तो स्वतःही दमतो, कारण त्याच्याकडे मोजमाप मागायला आलेल्या बहुतेकांना मोजमाप नको असते, सोयीचे उत्तर हवे असते. चिमाजी वाघोले यांच्या चेहऱ्यावर हा थकवा मी पंधरा वर्षे पाहिला. त्याबद्दल त्यांनी कधी तक्रार केल्याचे मला स्मरत नाही.

चिमाजी मूळचे मावळातले. सतराव्या वर्षी पिंपरीला आले, आयटीआय झाले आणि एका यंत्रांच्या कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात चौतीस वर्षे आरेखक होते. संगणक आले तेव्हा लाकडी आरेखनफलक भंगारात निघाले. त्यातला एक चिमाजींनी रिक्षातून घरी आणला. पत्नी यशोदाबाई म्हणाल्या, "आता हा कुठं निजवायचा?" तो पलंगाशेजारी उभा राहिला आणि अखेरपर्यंत तिथेच होता. निवृत्तीनंतर तेजस्विनी नावाच्या एका तरुण वास्तुविशारद बाईंकडे ते जाऊ लागले. शहराच्या वाढीत जी जुनी घरे आड येतात, त्यांचे वारसामूल्य किती याचा अहवाल या बाई महापालिकेच्या वारसा समितीसाठी करीत. मोजणी चिमाजींची, आणि कुठे शिलालेख, कोरीव अक्षरे, मोडीचे कागद निघाले की ती वाचायला ते मला नेत. अशी एकेचाळीस घरे त्यांनी मोजली. त्यांतली सहा आज उभी आहेत.

रावेतचे घर हे त्यांचे शेवटचे. नदीच्या अंगाला अर्जुनरावांचा मळा होता. मळा म्हणायचा तो आता सवयीने, कारण तिन्ही बाजूंना बावीस-बावीस मजले उभे राहिले होते आणि चौथ्या बाजूने रस्त्याची आखणी झाली होती. मध्ये ते बसके, कौलारू, चार खोल्यांचे घर. शहात्तर वर्षांचे अर्जुनराव त्यात एकटे राहत. पत्नी शालनबाई तीन वर्षांपूर्वी गेल्या होत्या. मुलगा शेखर समोरच्याच इमारतीत राहत असे, आणि जमिनीच्या विकासाचा करार त्याने पुरा करत आणला होता. करारात एकच अडथळा होता: घर वारसा यादीत जाण्याजोगे निघाले, तर ते जागेवर ठेवून भोवती बांधावे लागणार होते. अर्जुनरावांना नेमके तेच हवे होते. अर्ज त्यांनीच केला होता.

पहिल्या दिवशी आम्ही पोहोचलो तेव्हा अर्जुनराव दाराशीच उभे होते. दार बुटके, पावणेपाच फुटांचे. चौकट सागवानी, काळवंडलेली, दोन्ही उभ्या बाह्यांवर वेलबुट्टी. वरच्या गणेशपट्टीवर तेल पिऊन बुजलेली अक्षरे. मी चुना चोळून ती वर काढली आणि मोठ्याने वाचली: शके १७१४, परिधावीनाम संवत्सरे. शक आणि संवत्सर यांचा मेळ बसत होता. मला झालेला हर्ष मी लपवला नाही.

"दोनशे तीस वर्षांच्या वर झाली, अर्जुनराव," मी म्हणालो.

अर्जुनरावांनी गणेशपट्टीकडे पाहिले. "व्हय का," एवढेच ते म्हणाले.

शेखरचा चेहरा उतरला. "गुरुजी, तुम्ही नीट वाचलंत ना?"

"अक्षर स्वच्छ आहे."

"मग आमचं कल्याणच की," तो म्हणाला आणि फोन घेऊन चिंचेखाली गेला.

चिमाजींनी यात भाग घेतला नाही. घडीचा स्टूल मांडून, ओळंबा आणि गुण्या काढून ते भिंतीशी बसले होते. त्यांची रीत अशी की, घराविषयी कोणी काही सांगितले तर ऐकायचे, पण मोजणी पुरी होईपर्यंत वहीत उतरवायचे नाही. पहिल्या पानावर फक्त आकडे. शेखर परत आला तेव्हा ते त्याच चौकटीच्या तळाशी टेप लावून होते.

"काका, किती मोजताय? घर काय पळून चाललंय?"

"घर न्हाई, तू पळशील. हे टोक धर."

शेखरने टोक धरले. त्या दिवशी तासभर त्याने टोक धरले, आणि मधूनच एका कोनाड्याकडे बोट दाखवून म्हणाला, "हिथं आई काडेपेटी ठेवायची." चिमाजींनी कोनाड्याची खोली घेतली आणि आकडा लिहिला.

तीन दिवस असे गेले. चौथ्या दिवशी त्यांनी दार आतून लावले. हे त्यांचे नेहमीचे काम: दार उघडे असताना मोजायचे, मग लावून मोजायचे. दाराच्या फळ्यांच्या मागच्या अंगाला, कमरेच्या उंचीवर, एक आडवा पट्टा घासून गुळगुळीत झाला होता. जुन्या घरांत दारामागे लाकडी अडसर घालत. एरवी तो भिंतीतल्या लांब भोकात सरकवून ठेवत, आणि तिन्हीसांजेला ओढून दुसऱ्या बाजूच्या भोकात अडकवत. हा पट्टा त्याच अडसराचा, दीड-दोनशे वर्षांच्या नित्य ओढण्याचा. चिमाजींनी त्या उंचीवर दोन्हीकडच्या भिंती बोटाच्या पेराने वाजवल्या. आवाज सगळीकडे भरीव. भोक नव्हते. बुजवलेलेही नव्हते.

त्यांनी अर्जुनरावांना विचारून तळहाताएवढा गिलावा उडवला. आत विटा होत्या, आणि विटांच्या सांध्यात सिमेंट होते. मग ते गुडघ्यांवर बसले. चौकटीच्या दोन्ही बाह्यांच्या तळाला लाकडी उंबरठा बसवण्याच्या खाचा होत्या. त्या रिकाम्या होत्या, आणि उंबरठ्याच्या जागी शहाबादी फरशी होती. चिमाजी बराच वेळ उठले नाहीत. गुडघे दुखतात म्हणून असेल, असे मला वाटले.

मी अक्षरे पाहिली होती. भिंतीकडे पाहण्याचे मला सुचले नव्हते.

ओट्यावर चहा आला तेव्हा चिमाजी म्हणाले, "अर्जुनराव, ही चौकट हितली न्हाई."

अर्जुनरावांनी बशीत चहा ओतला. "कशावरनं?"

"अडसराची खूण हाय, पन भोक न्हाई."

अर्जुनराव हसले; आवाज न करता, नुसते खांदे हलले. "बावन्न वर्सांत कुनी दार लावून बघितलं न्हाई, बघा. समदी वरची अक्षरं बघत्यात."

मग त्यांनी सांगितले ते असे. शालनबाईंचे माहेर वर मावळात, धरणाच्या पोटात. पाणी अडवण्याच्या आधीच्या उन्हाळ्यात गाव उठले. लोकांनी आपापल्या घरांची लाकडे काढली. शालनबाईंच्या वडिलांनी घर उतरवले आणि लेकींना वाटून दिले: एकीला खांब, एकीला देव्हारा, थोरलीला दाराच्या फळ्यांसकट चौकट. बैलगाडीतून ती रावेतला आली. तोवर मळ्यात नुसती खोप होती. "चौकट आली म्हनून घर बांधलं," अर्जुनराव म्हणाले. "आदी दार, मग भिंती."

"आन् उंबरठा?"

"त्यो न्हाई आनला. सासरे म्हनले, उंबरा गावाचा. त्याला हळद-कुकू लावलं, दहीभात ठेवला, आन् तसाच सोडला. पान्यात हाय आजून." मग शालनबाईंबद्दल म्हणाले, "ती वाकून आत यायची, तवा मानसाला वाटायचं, ही म्हायारीच चाललीय."

"पहिल्या दिवशी बोलला नाहीत," मी म्हणालो. स्वरात रोष नव्हता. असलाच तर तो माझ्यावरच होता.

"गुरुजी, तुमी वाचलं. मी न्हाई म्हनलो न्हाई, एवढंच." मग ते चिमाजींकडे वळले. "वाघोले, एक सांगा. तुमाला कुनी इचारलं असतं का, भोक कुठं हाय म्हनून?"

"न्हाई."

"मग लिवा की शके सतराशे."

चिमाजींनी बशी खाली ठेवली. "मी बघितलंय ना, अर्जुनराव."

अर्जुनरावांनी सगळे कप उचलले आणि स्वतः आत नेऊन विसळले.

तेजस्विनीबाईंना सारे कळले तेव्हा त्यांनाही वाईट वाटले. घर वाचावे ही त्यांची मनापासूनची इच्छा होती. "काका, अक्षरं खरी आहेत, लाकूड खरं आहे," त्या म्हणाल्या. "समितीतलं कोणी दार लावून बघणार नाही."

"मी लावलंय, मॅडम."

बाईंनी मान डोलावली. त्यांच्या वकुबाची ही कसोटी होती आणि तिला त्या उतरल्या. अहवालावर त्यांची सही आहे. वय या रकान्यात चिमाजींनी लिहिले: सुमारे बावन्न वर्षे. बांधणी: पक्क्या विटा, सिमेंट, मंगलोरी कौल. कारागिरी: साधारण. मग त्यांनी एक जादा पान जोडले. त्यात चौकटीचे आरेखन होते; वेलबुट्टीची एकूणएक पाकळी, अडसराच्या पट्ट्याची लांबी-रुंदी, तळाच्या रिकाम्या खाचा. खाली त्यांच्या सरळ, ठोकळ अक्षरांत: "चौकट शके १७१४ची, धरणाखाली गेलेल्या गावातील घराची. त्या घराचे दुसरे अवशेष पाहण्यात नाहीत. घर पाडल्यास चौकट जपून उतरवावी."

घर यादीत गेले नाही. जाण्याजोगे नव्हते. अर्जुनरावांना कागद आला तो शेखरने वाचून दाखवला, जादा पानासकट. शेखरला चौकटीची हकीकत तेव्हाच कळली. आईने ती मुलाला का सांगितली नव्हती, कोण जाणे. त्याआधी त्याने भोसरीच्या एका जुने लाकूड घेणाऱ्याला चौकटीचा शब्द दिला होता. तो त्याने मोडला. मात्र करार मोडला नाही, आणि अर्जुनरावांनी तसे सुचवलेही नाही. ते चिमाजींशी चार महिने बोलले नाहीत. वाटेत भेट झाली तर रस्त्याची दुसरी बाजू धरत. चिमाजींना ते लागत असे. एकदा मला म्हणाले, "बरोबर मोजलं, गुरुजी, पन मानूस गेला." मी काही समजुतीचे बोललो. ते त्यांनी ऐकून घेतले.

दिवाळीनंतर घर पाडायला यंत्र यायचे ठरले, तेव्हा अर्जुनराव आपण होऊन चिमाजींच्या दारी आले. यशोदाबाईंनी पाणी दिले. ते प्यायले, तांब्या खाली ठेवला आणि म्हणाले, "कामगार लोक पहारीनं काडतील. तुमी उतरवता का?"

चिमाजींना त्या सुमारास जिना चढताना धाप लागत असे. तरी दोन दिवस ते रावेतला गेले. दोन सुतार त्यांनी बरोबर घेतले होते, पण पाचर मारायला ते स्वतः बसले. प्रत्येक सांध्याच्या दोन्ही अंगांना त्यांनी पांढऱ्या खडूने आकडे घातले. एक ते नऊ. पुन्हा जुळवताना चूक होऊ नये म्हणून. अर्जुनराव ओट्यावर बसून होते. शेखरने शेवटी टेकू धरला आणि गणेशपट्टी खाली आली.

"फरशी काडायची का?" सुताराने विचारले.

"र्‍हाऊ दे," अर्जुनराव म्हणाले. आत जाऊन त्यांनी हळद-कुंकवाची कोयरी आणली. हे काम घरच्या बाईचे; पण घरात बाई नव्हती. त्यांनी शहाबादी फरशीला बोटे टेकवली. दहीभात कोणी केला नव्हता. शेखर शेजारच्या दुकानातून दह्याची डबी आणि भडंगाचा पुडा घेऊन आला. अर्जुनरावांनी पुड्याकडे पाहिले.

"हे चालतंय का?"

"आईनं चालवलं असतं," शेखर म्हणाला.

"ती बोलली असती आदी," अर्जुनराव म्हणाले, आणि दोन्ही फरशीवर ठेवले.

दुसऱ्या दिवशी घर पाडले गेले. फरशी भरावाखाली गेली.

चिमाजी माघात गेले, दुपारी, आरेखनफलकाशेजारच्या पलंगावर. वय एकाहत्तर. हृदय आधीपासूनच थकलेले होते, असे डॉक्टर म्हणाले. अंत्ययात्रेला अर्जुनराव होते. ते शेवटपर्यंत चालले.

नव्या इमारतीत अर्जुनरावांना सातव्या मजल्यावर दोन खोल्या मिळायच्या आहेत. तोवर ते शेखरकडे राहतात. चौकट तिथे बैठकीच्या भिंतीला टेकवून, जुळवून उभी केली आहे. कुठल्याही दाराला ती बसत नाही. सदनिकेचे दार सात फुटांचे. यशोदाबाईंनी मोजणीच्या बावीस वह्या तेजस्विनीबाईंना दिल्या, आणि त्या बाईंच्या कार्यालयात कपाटावर आहेत. मागच्या महिन्यात मी शेखरकडे गेलो होतो. अर्जुनरावांची सून चौकट पुसते, पण सांध्यांवर फडके फिरवत नाही. एक ते नऊ आकडे अजून वाचता येतात.