जमीन आमची, फणस काकांचा

आज सकाळी घरामागच्या परड्यात कटरचा आवाज आला म्हणून धावलो, तर लाकडाचा व्यापारी आमचा फणस तोडत होता.

"कोणाला विचारून?" मी ओरडलो.

त्याने तोडीचा परवाना दाखवला, शिवाय आजोबांचं वाटणीपत्र. जमीन माझ्या वडिलांना, फणस काकांना. लाकूड न्यायला वाटसुद्धा त्यात लिहिलेली. काकांच्या मुलाने मुंबईत बसून झाड विकलं होतं.

त्याला फोन लावला.

"दादा, दरवर्षी पहिला फणस आमच्याकडे तूच पाठवायचास ना, 'तुमच्या झाडाचा' म्हणून?"

पाठवायचो खरा. मायेने.

दुपारी ओंडके बाहेर काढायला मीच कुंपणाच्या गडग्याचे चिरे उतरवून दिले. आता भांडायचं त्राणही नाही.

मंडळी, तुम्ही कोणाचं झाड आपलं समजून वाढवताय?