सख्ख्या बहिणीची तळटीप

आमच्या वैशालीच्या लग्नाचा अल्बम कधी बघितलात, तर एक गंमत दिसेल. हळदीच्या एकाही फोटोत तिचा सख्खा भाऊ, म्हणजे मी, नाही! लग्नाच्या फोटोत आहे, पण पार शेवटच्या रांगेत, आणि गळ्यात परीक्षेच्या सुपरव्हिजनचा बिल्ला. लोक हळूच विचारतात, भावाबहिणीचं बिनसलं होतं का हो? छे! मी फक्त एक पुस्तक लिहिलं होतं. चहा घ्या, गार होतोय. सांगतो सगळं, पण आमच्या हिच्यासमोर हा विषय काढू नका.

दोन हजार सालानंतरचे दिवस. मी कोल्हापुरात एका इंजिनिअरिंग कॉलेजात गणित शिकवायचो आणि मला लाटेकचं वेड लागलं होतं. लाटेक म्हणजे पुस्तकं, प्रश्नपत्रिका, गणितं सुबक छापायचं सॉफ्टवेअर. फुकट मिळायचं. मजकूर टाईप करायचा, मध्ये मध्ये आज्ञा पेरायच्या, हे ठळक कर, ते मध्यभागी घे, की छापखान्यातून आल्यासारखं पान तयार!

शिकवणारी पुस्तकं मात्र सगळी इंग्रजी, पहिल्याच पानावर घाम फोडणारी. म्हटलं, आपणच मराठीत लिहू. नवशिक्या माणसानं नुसतं बोट धरून चालत यावं, असं.

आता पहिल्या धड्याला नमुना काय घ्यावा? इंग्रजी पुस्तकात पहिल्या धड्यात जगाला नमस्कार करतात. कोल्हापूरचा माणूस जगाला नुसता नमस्कार कशाला करेल? तो जगाला जेवायला बोलावेल!

म्हणून मी नमुना घेतला यात्रेच्या जेवणाच्या आमंत्रणाचा. मध्यभागी शीर्षक. खाली ठिपके देऊन तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, सुकं मटण. 'येत्या रविवारी दुपारी अगत्य येणेचे करावे.' मग माझं नाव आणि मंगळवार पेठेतला पत्ता, तालमीच्या मागची गल्ली धरून. खरं वाटायला नको का? तारखेच्या जागी लाटेकची माझी लाडकी आज्ञा घातली. ज्या दिवशी पान छापाल, त्या दिवसाची तारीख ती आपोआप घालते. आणि तळटीप कशी देतात ते दाखवायला एक तळटीपही दिली, 'सोबत मित्रांना आणावे.'

वर ठळक सूचना होती, 'नवशिक्यांनी एक अक्षरही बदलू नये. पान छापून चारजणांना दाखवावे.'

हसताय? मला तेव्हा नाही हो आलं हसू. मला ती सूचना फार शहाणपणाची वाटली होती.

पुस्तकाच्या झेरॉक्स निघाल्या. वारणानगरला गेल्या, इचलकरंजीला गेल्या. पण एका माणसानं कळवलं असेल तर शपथ! मी रोज पोस्टमनची वाट बघायचो. बायको म्हणायची, "अहो, कोण वाचतंय तुमचं!"

इकडे घरात वेगळीच धांदल. वैशालीला गगनबावड्याचं स्थळ आलं होतं. मुलगा वारणानगरला चांगल्या नोकरीत, घर खानदानी. आधीची दोन स्थळं या ना त्या कारणानं मोडली होती, त्यामुळे आमचे वडील, आबा, धसका घेऊन बसलेले. हे स्थळ हातचं गेलं तर पोरगी खचेल, असं ते मला रोज सांगायचे. मंडळी रविवारी दुपारी जेवायलाच येणार होती. मुलाला आम्ही फोटोतच बघितलेला, तोही गॉगल घातलेला.

रविवारी बारालाच दारात पाच-सहा जण उभे. स्वच्छ इस्त्रीचे शर्ट, भांग पाडलेले.

"या, या पावणं!" आबा धावले. "लई पाऊस लागला आसंल वाटंत?"

"पाऊस कुठला ओ आबा, कडक ऊन पडलंय तिकडं!"

गगनबावड्यात आणि पावसाळ्यात ऊन? आबांनी माझ्याकडे बघितलं. मी आभाळाकडे बघितलं. पण दारात जेवायला आलेल्या माणसाला 'तुम्ही कुणाचे' असं आमच्याकडे कुणी विचारतं का? पाट मांडले, ताटं वाढली.

आबांनी त्यातल्या उंच पोराला नवरदेव ठरवलं आणि जवळ बसले. "काय करता आपण?"

"शेवटच्या वर्षाला हाय. दोन विषय राहिल्यात."

आबांचा चेहरा उतरला. मध्यस्थानं तर नोकरी सांगितलेली! तेवढ्यात वैशाली साडी सावरत भाकरी वाढायला आली. पोरानं मान वर केली नाही. फक्त वाटी वर केली. "पांढरा आणा की जरा!"

बायकोनं मला स्वयंपाकघरात ओढलं. "अहो, कसलं हो हे स्थळ? पोरीकडं बघंना, नुसतं रश्श्याकडं बघतंय!"

एवढ्यात दारात आणखी दहा-बारा पोरं. उंच पोरानं बसल्या जागेवरून हाक मारली, "या रं! सर, ही आमच्या हॉस्टेलवरची."

"एवढी?" मी म्हटलं.

"तळटिपेत लिवलंय की सर! सोबत मित्रांना आणावे."

तळटीप! माझ्या हातातली पळी खाली पडली. पोरानं खिशातून घडी केलेला कागद काढला. माझा नमुना! एक अक्षर बदललेलं नाही. आणि तारीख? परवाची, ताजी. इचलकरंजीच्या त्यांच्या मास्तरांनी धडा करून घेतला होता आणि सगळ्यात सुबक पान बोर्डावर लावलं होतं. यात्रेचं जेवण म्हटल्यावर पोरं थांबतात होय!

खरं सांगू? मला राग यायला पाहिजे होता. पण मला आनंदच झाला हो! माझं पुस्तक कुणीतरी वाचलं होतं. मी गहिवरून विचारलं, "कसं वाटलं पुस्तक?"

"कसलं पुस्तक?" पोरगं म्हणालं. "सुकं लई झ्याक झालंय, सर."

आणि त्याच वेळी गल्लीत जीप थांबली. खरे पाहुणे! घाटमाथ्याच्या पावसानं नखशिखांत भिजलेले. मी पातेल्यात डोकावलो. रस्सा होता. मटण नव्हतं. औषधाला एक फोड नाही! बायको माझ्याकडे अशी बघत होती, की त्या पातेल्यात मीच शिजायचा बाकी होतो.

मुलाचे वडील उंबऱ्यात थांबले. घरभर पंगत, अनोळखी पोरं भुरके मारतायत. "ही कोण मंडळी म्हणायची?"

आता 'ठाऊक नाही' म्हणायचं तर घराची शोभा. आबांनी ठोकून दिलं, "आमच्या पोराचं विद्यार्थी हायत. हॉस्टेलवर आबाळ हुतीया, म्हणून ऐतवारी हिकडंच जेवत्यात."

मुलाचे वडील चपला काढून आत आले. मग मोठ्यानं म्हणाले, "दुसऱ्याच्या पोरांस्नी जेवू घालणारं घर हाय ह्ये. आणि काय बघायचं? व्हय रं?" नवरदेव चष्मा पुसता पुसता वैशालीकडे बघून लाजला. रश्श्यात उकडलेली अंडी सोडून आम्ही वेळ मारून नेली आणि त्याच बैठकीत सुपारी फुटली. आबांनी मला कोपऱ्यात घेऊन मिठी मारली.

इथं थांबलं असतं, तर हा किस्सा मी छाती फुगवून सांगितला असता.

पण ती तारीख हो! ती आज्ञा काही सुट्टी घेत नाही. जो जेव्हा धडा गिरवेल, तेव्हा आमंत्रण ताजं. पुढच्या रविवारी वारणानगरची पोरं आली. त्याच्या पुढच्या रविवारी आणखी कुठली कुठली. मग बायकोनं निक्षून सांगितलं, "एकतर त्ये पुस्तक बदला, न्हायतर घर!"

मी पुस्तक बदललं. लगेच दुसरी आवृत्ती! जेवणाचा विषयच नको म्हणून या वेळी नमुना घेतला रजेच्या अर्जाचा. 'मा. प्राचार्य यांस, माझ्या बहिणीचे लग्न असल्याने चार दिवसांची रजा मिळावी.' खाली माझं नाव, वर ताज्या तारखेची लाडकी आज्ञा. आणि तळटीप, 'बहीण सख्खी आहे.' ही आवृत्ती आमच्याच कॉलेजच्या लॅबमध्ये लागली. मी हवेत!

लॅबला स्वतःचा प्रिंटर नव्हता, एवढं मात्र माझ्या लक्षात राहिलं नाही. पानं निघायची ऑफिसात. आमचे क्लार्क भारी शिस्तीचे. अर्ज दिसला की प्राचार्यांच्या टेबलावर. "सही न्हाय ह्याच्यावर. असू दे, साळोखे सर घाईत इसरले असतील." प्राचार्य दिलदार, बहिणीचं लग्न म्हटल्यावर मंजूर करत गेले. मी रोज वर्गात शिकवतोय आणि ऑफिसात माझी रजा रोज खर्ची पडतेय!

खरं लग्न आठवड्यावर आलं, तेव्हा मी खराखुरा अर्ज घेऊन गेलो. प्राचार्यांनी ड्रॉवर उघडला आणि अर्जांची चळत टेबलावर ठेवली.

"साळोखे, सख्ख्या बहिणी आहेत तरी किती तुम्हाला?"

"एकच, सर."

"मग तिची लग्नं किती?"

मी पुस्तक आणून दाखवलं, तारखेची आज्ञा समजावली, घामाघूम झालो. त्यांनी पुस्तक पानन् पान वाचलं. असा वाचक मला जन्मात मिळाला नव्हता. मग माझा नवा अर्ज उचलून ते म्हणाले, "हा सुद्धा नमुनाच असणार. नुसती सही करून आणलीत, एवढंच."

"सर, हा खरा आहे! हळद शुक्रवारी आहे!"

"शुक्रवारी तुमचं सुपरव्हिजन आहे."

शेवटचा उपाय म्हणून मी खिशातून वैशालीची छापील लग्नपत्रिका काढली आणि त्यांच्यापुढे ठेवली. प्राचार्यांनी चष्मा लावला. पत्रिका उलटीसुलटी केली, अक्षरांवरून कौतुकानं बोट फिरवलं आणि मला परत दिली.

"सुरेख जमलाय नमुना, साळोखे. पण बहीण सख्खी असल्याची तळटीप राहिली!"