कॉफीचा काटा

आमच्या घराण्यात कॉफी तोलायची पद्धत नव्हती. प्यायची तरी कुठं होती म्हणा! तिसगावात पाहुणा आला की चहा, आणि फारच मोठा पाहुणा आला की जास्त दुधाचा चहा. एवढंच आम्हाला ठाऊक.

पण माझ्या धाकट्या बहिणीला, रूथला, बंगळूरचं स्थळ सांगून आलं. माणसं मूळची कर्जतकडची, आमच्यासारखीच ख्रिस्ती. मुलगा तिकडं दवाखान्यात नोकरीला आणि रूथ नर्स, म्हणजे जोडा शोभणारा. आधी दोन स्थळं हातची गेलेली, त्यामुळं आई हवालदिल. त्यात मध्यस्थी करणाऱ्या मावशीनं बजावलं, "मुलाचे वडील कॉफीच्या बाबतीत भारी चोखंदळ! कपाला दहा ग्रॅम म्हणजे दहा ग्रॅम. घरी काट्यावर तोलून घेतात."

"धा ग्रॅम म्हंजी किती गं?" आई घाबरलीच.

"असेल चमचा-दीड चमचा," माझी बायको मार्था म्हणाली.

"चमचा हे काय माप आहे?" मी उसळलो. मी शाळेत विज्ञान शिकवायचो. 'मापन' हा धडा तर मी इतका रंगवून शिकवायचो की पोरं डोळे मिटून ऐकायची. (काही घोरायचीही.) "काटा आणतो. डिजिटल!"

शनिवारी शाळा सुटल्यावर एसटीनं नगर गाठलं. बाजारात वजनकाट्यांचं एक दुकान होतं.

"काय तोलायचंय?" दुकानदार.

"कॉफी."

"किती पोती?"

"दहा ग्रॅम."

त्यानं आधी माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या चपलांकडं. पहिला काटा घड्याळासारखा होता. त्यावर दहा ग्रॅम ठेवले असते तर सुई हललीसुद्धा नसती. दुसरा सोनारांचा, काचेच्या पेटीतला. त्याची किंमत ऐकून मी तो दोन्ही हातांनी परत केला. तिसरा तळहाताएवढा, परदेशी, स्वस्त. सोबतचं माहितीपत्रक चिनी भाषेत!

"अचूक आहे ना?" मी विचारलं.

"साहेब, आकडे येतात," तो म्हणाला.

आकडे येतात म्हटल्यावर मी घेऊन टाकला.

घरी येऊन कॉफीचं पाकीट फोडलं. गावातले किराणावाले बन्सीशेठ यांनी ते आमच्यासाठी मुद्दाम मागवलं होतं. चिमूटभर भुकटी ठेवली, तर आकडा आला दहा!

"एवढीशीच?" मार्था म्हणाली.

"यंत्र खोटं बोलत नाही."

त्या चिमटीची कॉफी केली. आई एक घोट घेऊन म्हणाली, "कप नीट इसळला न्हाई का कुणी?"

रविवारी पाहुणे यायचे होते. सकाळी मार्थानं काटा फडक्यानं पुसला आणि पुन्हा भुकटी ठेवली. चिमूटभर ठेवली, आकडा जेमतेम हलला. चमचा घातला, मग मूठ घातली, शेवटी सगळं पाकीट रिकामं केलं. आकडा सातावर थांबला!

"अहो, काल चिमटीला दहा आणि आज पाकिटाला सात?"

मी सुन्न झालो. दोनशे ग्रॅमचं पाकीट आणि आत सात ग्रॅम! कालचं काय, हा प्रश्न माझ्या मनाला शिवलाही नाही. काटा आणि कॉफी घेऊन मी तडक बन्सीशेठच्या दुकानात गेलो.

बन्सीशेठनी शांतपणे तराजू उचलला, वजनं टाकली. दोनशेला चिमूटभर कमी भरलं, म्हणजे कालची चिमूट धरून बरोबर! मग त्यांनी आपलं पन्नास ग्रॅमचं वजन माझ्या काट्यावर ठेवलं. आकडा आला पावणेदोन.

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? काटा खिशात घालून घर गाठलं असतं. मी भर दुकानात ओरडलो, "शेठ, तुमची वजनंच खोटी आहेत!"

रविवार असल्यानं दुकानात गिऱ्हाईक भरपूर. "आँ? मंग इतकी वर्सं आमाला काय तोलून दिलं?" कुणीतरी म्हणालं. "मापात पाप!" दुसरा ओरडला. बन्सीशेठ लाल झाले. "चला सरांच्या घरी, सगळ्यांसमोर तोलून दावतो! हुंद्या पंचाईत!" मी पुढं, वजनांची पिशवी घेतलेले शेठ मागं, आणि त्यांच्या मागं निम्मं गाव.

दारात पोचतोय तोच समोर जीप थांबली. पाहुणे! रूथ साडी सावरत दारात आली आणि गर्दी बघून तशीच आत पळाली. आईनं पदर तोंडाला लावला. तिसरंही स्थळ गेलं, हे मला स्पष्ट दिसलं.

मुलाचे वडील खाली उतरले. भांडण कशावरून हे त्यांनी गर्दीलाच विचारलं, काटा हातात घेतला, चष्मा वर सरकवला.

"कोपऱ्यात काय लिहिलंय, वाचलंत का?"

"हो. ओ आणि झेड. कंपनीचं नाव आहे ते."

"औंस आहे ते, ग्रॅम नव्हे!" त्यांनी बाजूचं बटण दाबलं. पन्नासचं वजन पन्नास भरलं. पुन्हा दाबलं. "हे कॅरट. हिरे तोलायला."

म्हणजे शनिवारी मी कॉफी हिऱ्यांच्या मापानं तोलली होती, आणि रविवारी मार्थाच्या फडक्यानं बटण दबून औंस आले होते! गर्दी हसली, मग बन्सीशेठही हसले. मी त्यांचे दोन्ही हात धरून माफी मागितली.

"ऱ्हाऊ द्या सर," ते म्हणाले, "पर पोरांना इंग्रजी नका शिकवू."

मार्थानं चमच्यानं कॉफी घालून सगळ्यांना दिली. मुलाच्या वडिलांनी कप रिकामा केला. रूथ आणि मुलगा परसात बोलून आले. दोघांचेही चेहरे खुलले होते. मग वडिलांनी घसा खाकरला.

"मुलगी आम्हाला पसंत आहे. फक्त एक शंका होती. ती स्वभावानं भावावर तर गेली नाही ना?"

मी काही बोलणार, तोच आई घाईघाईनं म्हणाली,

"न्हाई हो, न्हाई! ती हुशार हाय!"