आधी चारचे भिंग

विकृतिशास्त्र विभागाच्या माजी विद्यार्थ्यांनो, आपल्या सर्वांची एकच सल आहे. ज्या सूक्ष्मदर्शकांवर आपण पाहायला शिकलो, ते आता भंगारात निघणार आहेत. यापुढे मुलांना पडद्यावर दुसऱ्याने निवडलेले चित्र दाखवले जाईल. ज्यांनी आपल्याला स्वतः शोधायला शिकवले, त्या डॉ. कुसुमताई भोयर यांच्या पंचाहत्तरीतच हे व्हावे, याचा मला संताप येतो.

ताईंची माझी पहिली भेट त्याच सूक्ष्मदर्शकांच्या रांगेत झाली. बसल्याबसल्या मी चाळीसचे, म्हणजे चाळीसपट मोठे दाखवणारे भिंग फिरवून लावले. मागून आवाज आला, "काहून गा, रामटेकले जाऊन एकच दगड पाहून येतो का? आधी चारचं लाव." चारचे म्हणजे सर्वांत कमी मोठे, पण सर्वांत जास्त परिसर दाखवणारे. हा त्यांचा दंडक होता.

नव्या यंत्रांशी त्यांचे वैर नव्हते. क्षयाचे जंतू चमकवून दाखवणाऱ्या फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शकासाठी त्या अधिष्ठात्यांशी भांडल्या. मूत्रपिंडाच्या चाळणीतला बारीक बिघाड इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकच दाखवतो, हेही त्यांनीच शिकवले. पण म्हणत, "त्याले सुईच्या टोकाएवढा तुकडा लागते. तो कुठून घ्याचा, हे हा साधाच सांगते."

एकदा उमरेडच्या, हातमागावर विणणाऱ्या एका बाईंच्या स्तनातील गाठीचा तुकडा आला. चाळीसखाली पेशींची दाटी पाहून आम्हा तरुण डॉक्टरांचे कर्करोगावर एकमत झाले. स्तन काढायचे ठरत होते. ताईंनी चारचे भिंग लावून आम्हाला एकेक करून बसवले.

"ग्रंथींचे झुपके जागच्या जागी दिसून राहिले का? कॅन्सर असता तर झुपके मोडून पसरला असता."

गाठ निरुपद्रवी होती. ते सांगायला ताई स्वतः बाहेर थांबलेल्या बाईंकडे गेल्या. बाई बाकावरून उठल्याच नाहीत.

"इतके दिवस रडली नाही, मॅडम. आता रडू का?"

"रड वं माय. मी बसते."

उमरेडची एसटी सुटायची वेळ होईपर्यंत ताई तिथे बसून होत्या.

कुसुमताईंना उदंड आयुष्य आणि आजच्यासारखीच तल्लख नजर लाभो. मात्र धरमपेठेतल्या सत्काराला हार आणू नका. अधिष्ठात्यांच्या नावे सहीचे दोन ओळींचे पत्र आणा: साधे सूक्ष्मदर्शक मुलांच्या टेबलावरच राहू द्या. तो गठ्ठा ताईंच्या हाती देऊ. पुढचे भांडण त्या करतील. अजून त्यांना आपल्यापेक्षा चांगले जमते.